चावीचा सीन

आयुष्यात मी एकच टेलिफिल्म लिहिली. ती दाखवली गेली त्याला आता अडतीस वर्षं झाली. तेव्हा दूरचित्रवाणी केंद्राकडे प्रेक्षकांची एकशे चौदा पत्रं आली होती. केंद्राने ती सुतळीने बांधून माझ्याकडे पाठवली, आणि तो गठ्ठा मी अजून जपून ठेवला आहे. पण ज्या एका माणसाचं मत मला हवं होतं, त्याचं पत्र त्यात नव्हतं. तो माणूस म्हणजे माझी थोरली बहीण.

ताई आता माझ्याकडेच असते. चार वर्षांपूर्वी भाऊजी गेले, आणि पाठोपाठ काचबिंदूने तिची नजरही जवळजवळ गेली. तिची मुलगी दुसऱ्या शहरात एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. तिच्याकडे जायला ताई तयार नव्हती. "तिथे सगळी दारं आपोआप लागतात," एवढंच म्हणाली आणि एक पेटी घेऊन माझ्या दोन खोल्यांत आली. मी लग्न केलेलं नाही. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात माझी हयात गेली. लोकांच्या चुका काढायच्या आणि आपल्या झाकायच्या, असा तो धंदा.

आमच्या दोन खोल्यांमधल्या दाराखाली ताई वर्तमानपत्राची जाड घडी सारून ठेवते. वाऱ्याने दार आपटतं म्हणून, असं शेजारणीला सांगते. न्हाणीघराचं दारही ती पुरतं लावत नाही. आत जाताना मला सांगते, आणि ती बाहेर येईपर्यंत मी गॅलरीत उभा राहतो. यावर आम्ही कधी बोललेलो नाही.

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला. फोन आला की मी तो घेऊन आतल्या खोलीत जातो. कुणासमोर बोलायला मला जमत नाही.

"मामा, तुमची फिल्म सापडली. कुणाकडे तरी जुनी टेप होती, त्याने इंटरनेटवर टाकलीय. चाळीस हजार लोकांनी बघितली. खाली मतं पण लिहिलीत. मी रोज वाचते."

"कशाला वाचायची," मी म्हणालो.

"अहो, चांगलं लिहितात. तुम्ही म्हणजे ना, कौतुक सुरू झालं की छत्री उघडून बसता." मग तिचा आवाज जरा खाली आला. "आईला पण ऐकवा. तिचं आणि बाबांचं असंच काहीतरी होतं ना? आई कधी धड सांगतच नाही."

मी "बघतो" म्हणालो.

फिल्मचं नाव 'सव्विसावा दिवस'. गोष्ट साधी आहे. एक माणूस एका मुलीला नदीकाठच्या बंगल्यात कोंडून ठेवतो. आधी ती रडते, मग भांडते, मग त्याला पुस्तकं वाचून दाखवू लागते. सव्विसाव्या दिवशी तो दाराची चावी टेबलावर ठेवून निघून जातो. ती चावी उचलते, दार उघडते, उंबऱ्यात उभी राहून रस्त्याकडे बघते. मग मागे फिरते आणि आपल्या हाताने दार लावून घेते. बासरी वाजते आणि फिल्म संपते. निर्माता खूश होता, कारण एक खोली आणि दोनच पात्रं. खिडकीबाहेरची नदी कापडावर रंगवलेली होती, आणि ती कधी वाहिली नाही.

खऱ्या गोष्टीत नदी नव्हती. बर्फाचा कारखाना होता. ताई तिथे टायपिस्ट होती, बावीस वर्षांची. भाऊजी तिथले मॅनेजर. त्यांनी तिला कारखान्याच्या माडीवरच्या खोलीत सव्वीस दिवस ठेवून घेतलं. 'ठेवून घेतलं' हा आमच्या घरातला शब्द. मी इतके शब्द दुरुस्त केले, हा कधी केला नाही. पुढे त्यांचं लग्न झालं, आणि नातेवाइकांत त्याला प्रेमविवाह म्हणू लागले. दहा वर्षांनी मीही तसंच लिहिलं.

भाऊजींनी फिल्म बघून केंद्राला पत्र पाठवलं होतं. गठ्ठ्यात ते वरूनच तिसरं आहे, निळ्या शाईतलं: "लेखकाला प्रेम म्हणजे काय ते कळले आहे." ताई त्यांच्या शेजारीच बसून बघत होती, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. "तुझी ताई तर शेवटपर्यंत जागची हलली नाही," म्हणाले. मी ते बरेच दिवस कौतुक म्हणून मनात ठेवलं. कौतुकच होतं का, याची मला खात्री नव्हती.

भाचीने सांगूनही मी आठवडाभर ताईजवळ विषय काढला नाही. शेवटी भाचीनेच तिला फोनवर सांगितलं. दुपारी चहाच्या वेळी ताईने कप खाली ठेवला.

"किड्या," ती म्हणाली. लहानपणी मी पुस्तकी किडा होतो. त्यातलं पुस्तक केव्हाच गळून पडलं. "तुझं नाटक लागलंय म्हणे परत. लाव की."

"आवाज फार खराब आहे त्याचा."

"डोळे गेलेत माझे. कान आहेत जागेवर."

मी कॉम्प्युटर लावला. ताई भिंतीकडे तोंड करून ऐकत होती. मी पडद्याकडे कमी आणि तिच्याकडे जास्त बघत होतो. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. चावी टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, दार करकरलं, थोडा वेळ काहीच आवाज नव्हता, मग दार लागलं. बासरी वाजली. ताईने गार झालेला चहा तळापर्यंत पिऊन टाकला.

"आता मतं वाच. लोक काय म्हणतात बघू."

मी डबीतून चष्मा काढून डोळ्यावर लावला. माझी चष्म्याची डबी पत्र्याची आहे, उघडताना टक् असा आवाज होतो. वाचायला लागलो.

"'चावीचा सीन बघून आजही अंगावर काटा येतो. असं प्रेम आता राहिलं नाही.'"

"बरं झालं," ताई म्हणाली. "पुढे."

"'एकेचाळिसाव्या मिनिटाला माइक वरून खाली आलेला दिसतो.'"

"हा एकटाच मन लावून बघतोय. पुढे."

"'माझी आई हे बघत असताना दूध उतू गेलं होतं. आईला जाऊन सहा वर्षं झाली. आज परत बघितलं.'"

मी पुढचं वाचलं. "'हे प्रेम नाही, गुन्हा आहे. लेखकालाच कोंडून ठेवा.'"

ताई हसली. पुष्कळ दिवसांनी हसली. "घे. तुझी सोय झाली. एक पुस्तक देऊ ना सोबत?"

"त्याच्याखाली भांडण लागलंय. 'मॅडम, तुम्ही आजच्या जमान्यातल्या. दार उघडं होतं. तिला कुणी अडवलं नव्हतं. तरी ती गेली नाही, तिने आपल्या हाताने दार लावलं. याला प्रेम नाही तर काय म्हणायचं?' याला पुष्कळ लोकांनी अंगठा दिलाय."

"पुष्कळ म्हणजे?"

"नऊशेच्या वर."

ताई कपाच्या कानात बोट घालून कप बशीत फिरवत राहिली. मग म्हणाली, "मलाही मत द्यायचंय. लिहिता येतं ना तुला तिथे?"

भाचीने माझ्या नावाने खातं उघडून दिलेलं होतं. मी हो म्हणालो. अडतीस वर्षं मी ज्याची वाट बघत होतो ते आता येणार होतं. मी कळांवर बोटं ठेवली.

"लिही. दार तिने लावलं नव्हतं. तिचा भाऊ आला होता. जाताना त्याने लावलं."

ती एखादा पत्ता सांगावा तसं बोलली. शब्दांमध्ये थांबून, मला लिहायला वेळ देत.

सव्विसाव्या दिवशी बाबांनी मला पाठवलं होतं. बाबांचं तराजूकाटे दुरुस्त करायचं दुकान होतं आणि घरात ते शब्दही तोलून बोलायचे. "तिला सांग, आता इकडे येऊ नकोस. लग्नाचं मी बघतो." मी वीस वर्षांचा होतो. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून वाचनालयातली दोन पुस्तकं बरोबर घेतली. भाऊजींनीच माडीचं दार उघडलं. "बोला निवांत," म्हणाले आणि खाली यंत्रांकडे गेले. दार सताड उघडं होतं, जिना रिकामा होता. खालून बर्फाच्या लाद्या ओढल्याचा घसघस आवाज येत होता.

मला बघताच ताई उठली आणि खाटेखाली चपला शोधू लागली. मी न्यायला आलो असं तिला वाटलं. एक चप्पल सापडली, ती तिने घातली. तेवढ्यात मी बाबांचा निरोप सांगून टाकला. ती एका पायात चप्पल घालून उभी राहिली.

"आणि तू काय म्हणतोस?" तिने विचारलं.

मी पुस्तकं टेबलावर ठेवली आणि म्हणालो, "परत करायची तारीख चौदा आहे."

मग मी निघालो. दार उघडं टाकलं की बाबा ओरडायचे, म्हणून कुठूनही निघताना दार ओढून घ्यायची मला सवय होती. ते मी ओढून घेतलं. त्या दाराला बाहेरून कडी होती आणि ती सैल होती. मी दुसऱ्या पायरीवर असताना ती आपोआप कोयंड्यात पडली. तो आवाज मी ऐकला. वर गेलो नाही.

फिल्ममध्ये भाऊ नाही. निर्मात्याला दोनच पात्रं हवी होती, हे कारण मी स्वतःला इतकी वर्षं दिलं की ते आता खरंच वाटतं. पण निर्मात्याला भेटायला गेलो तेव्हा माझ्या पिशवीतल्या कागदांवर दोनच पात्रं होती.

"झालं का लिहून?" ताईने विचारलं.

भाची ही मतं रोज वाचते, एवढंच माझ्या डोक्यात आलं. निदान तेव्हा तरी मी मनाशी तिचंच कारण दिलं. मी लिहिलं: "कलाकृती जुनी असली तरी परिणामकारक. मात्र शेवट वास्तवाला धरून वाटत नाही." आणि पाठवून दिलं.

"झालं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तिने विचारलं, "आलं का काही उत्तर?"

आलं होतं. कुणीतरी 'सहमत' एवढंच लिहिलं होतं. ते मी तिला कसं सांगणार? ती माझ्याकडे कान करून बसली होती, आणि तिने केस विंचरले होते, एरवी ती दुपारी विंचरत नाही. मी पडद्यासमोर बसलो आणि म्हणालो, "एका बाईंनी लिहिलंय. 'तुम्ही सांगितलंत त्यामुळे ही फिल्म वेगळ्या नजरेने बघावीशी वाटली.'"

"अस्सं. आणखी?"

"एक प्राध्यापक आहेत." इथे मी थांबायला हवं होतं. "ते म्हणतात, 'भावाची बाजूही समजून घेतली पाहिजे. एका अर्थी तोही त्या घरातला कैदीच होता.'"

ताईने माझ्याकडे तोंड वळवलं.

"चष्मा कुठाय तुझा?"

"हा काय, डोळ्यावर."

"डबी वाजली नाही."

चष्मा खिशात होता. मी खिशावर हात ठेवला, जणू तिला दिसणार होतं.

"प्राध्यापक," ताई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "भाऊ कैदी होता म्हणे. किड्या, तो कैदी रोज संध्याकाळी वाचनालयात जाऊन यायचा. काय लिहिलंयस खरं ते वाच."

मी डबी उघडली. वाचून दाखवलं.

"'वास्तवाला धरून.' हे कोण बोलतंय? मी, की तुझ्या छापखान्याचा मालक?"

"तुझी मुलगी वाचते हे सगळं. तिला कळेल."

"मुलगी माझी आहे. तिच्या बापाला मी तिच्यासमोर कधी वाईट म्हटलं नाही, आताही म्हणत नाही. भाऊ आला होता, एवढंच म्हणतेय. त्याची तुला का भीती?"

का, ते तिलाही माहीत होतं आणि मलाही. मी म्हणालो, "तू मला कधी काही बोलली नाहीस, ताई. नाटक बघून सुद्धा नाही."

"तू विचारलंस कधी? एकशे चौदा माणसांची पत्रं सुतळीने बांधून ठेवलीस. मी चार रस्ते पलीकडे राहत होते." तिने कप चाचपून बाजूला सारला. "आणि बोलायचं काय होतं? लिहिणारा तू, म्हणजे तुला आठवत असणार, असं मी धरून चालले. ते शेजारी बसलेले. मी जागची हलले नाही. मला वाटलं, आता भाऊ येईल. हा सीन झाला की येईल. पुढचा झाला की येईल. तिने चावी घेतली तेव्हा सुद्धा म्हटलं, दार उघडेल आणि बाहेर तो उभा असेल." ती थांबली. "तर बासरीच वाजली."

मी कॉम्प्युटरवर माझं मत खोडलं. मग तिने सांगितलेली तीन वाक्यं जशीच्या तशी लिहिली. सवयीने 'दार' या शब्दाआधी 'ते' घालावं असं वाटलं, घातलं नाही. मोठ्याने वाचून दाखवलं. ती प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. "पाठव," म्हणाली.

तीन दिवस त्याच्याखाली काही आलं नाही. लोक चावीच्या सीनबद्दलच लिहीत राहिले. कुणीतरी नायिकेच्या साडीची चौकशी केली. मी रोज दुपारी डबी वाजवायचो, वर-खाली बघायचो आणि म्हणायचो, "काही नाही." ताई "बरं" म्हणायची. भाचीचा फोनही आला नाही. ती रोज वाचते असं म्हणाली होती, आणि एरवी तिचा एक दिवसाआड फोन असतो. त्या तीन दिवसांत आम्ही दोघं फारसं बोललो नाही. मला रात्रीचं जेवण गेलं नाही, आणि तिने "जेव रे" असं एकदाही म्हटलं नाही.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. मी ते आधी मनात वाचलं. मग एकदा खिडकीबाहेर बघितलं. ताई वाट बघत होती.

"वाच. जे असेल ते."

"'काका, काहीतरीच काय. भाऊ आला असता तर बहिणीला घेऊनच गेला असता ना. मग गोष्टच झाली नसती.'" मी पुढचंही वाचलं. "खाली हसरे चेहरे टाकलेत. तीस जणांना पटलंय."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती होत नव्हती.

"बरोबर आहे त्याचं," ताई शेवटी म्हणाली. "कुणालाही असंच वाटेल."

"काय उत्तर लिहू?"

"माझं मत देऊन झालं. मला कुठे विचारलंय त्याने? 'काका' म्हणालाय. तिथे नाव कुणाचं दिसतं?"

"माझं."

"मग तुला विचारलंय."

मी लिहायला लागलो. पहिल्यांदा लिहिलं त्यात बाबा होते, त्यांचा स्वभाव होता, तो काळ होता. खोडलं. दुसऱ्यांदा माझं वय लिहिलं. तेही खोडलं. ताईला कळांचा आवाज येत होता, आणि खोडण्याची कळ माझ्या कॉम्प्युटरवर वेगळी वाजते. शेवटी जे उरलं ते असं होतं: "आला होता. तो भाऊ मीच. नेलं नाही."

मी ते वाचून दाखवलं. तिने मान हलवली की नाही ते मला सांगता येणार नाही, कारण मी तिच्याकडे बघत नव्हतो. पाठवून दिलं.

चहा करायला उठून मी पातेलं हातात घेतलं असेल-नसेल, तेवढ्यात फोन वाजला. भाचीचाच होता. पातेलं खाली ठेवून मी वाजता फोन हातात घेतला आणि सवयीने आतल्या खोलीकडे वळलो. दाराखालच्या वर्तमानपत्राच्या घडीला माझा पाय लागला.

"इथेच बोल," ताई म्हणाली.

मी परत येऊन तिच्या समोरच्या खुर्चीत बसलो. फोन वाजतच होता.